शेवटचा सत्कार राहिला

माझे वडील माणसांची नावं घेऊन पोट भरतात. असं सांगितलं की लोकांना वाटतं मी टोमणा मारते आहे. टोमणा नाही, धंदाच तो आहे. धुळ्यापासून भडगावपर्यंत कुठल्याही लॉनवर लग्न असलं की माईकवर नाना. ‘अमुक गावचे माजी सरपंच आपल्यात दाखल झाले आहेत, वधूपक्षाच्या वतीने त्यांचं सहर्ष स्वागत, कृपया त्यांनी मंचाजवळ येऊन टोपी-टॉवेल-नारळाचा स्वीकार करावा.’ हातात कागद नसतो. मांडवाच्या तोंडाशी जीप थांबली, दारातून एक पाय बाहेर आला, की त्या पायावरून नानांना माणूस कळतो. नाव, गाव, हुद्दा आणि नवरीच्या मामाशी असलेलं नातं, सगळं जिभेवर तयार. आमच्या खानदेशात लग्नातलं वरण खारट झालं तर लोक हसून सोडून देतात. नाव राहिलं तर सोडत नाहीत. मला अशी दोन घरं माहीत आहेत, शेजारी-शेजारी, मध्ये फक्त गोठ्याची भिंत, आणि बोलणं बंद आहे ते एका न घेतलेल्या नावामुळे.

आणि मी पत्रकं लिहिते. आमचं विज्ञान मंडळ म्हणजे थोडी टाळकी, एक भाड्याची खोली, एक दुर्बीण आणि भरपूर संताप. कॉलेजात असताना लिहिलेलं माझं पहिलं पत्रक लग्नांवरच होतं. मुहूर्त छापायचा एक, लग्न लावायचं पुढारी येईल तेव्हा, आणि तोवर म्हाताऱ्यांनी, आजाऱ्यांनी, लेकुरवाळ्यांनी उन्हात ताटकळायचं, ही कुठली रीत? खाली तीन उद्गारचिन्हं. नानांनी ते पत्रक घरात उभं राहून, माईकच्या आवाजात, आईला वाचून दाखवलं. इतकं झकास वाचलं की मलाच ते नव्याने पटलं. मग घडी घालून म्हणाले, “लिखेल चांगलं शे. पन उद्या भडगावले लगीन शे, आनी तठे पुढारी उशिराच येस.” झालं. गेले इस्त्रीचा सदरा शोधायला.

या माणसाशी भांडायचं तरी कसं? मी भांडायचे. ते गुळण्या करायचे.

अलीकडे मात्र त्यांच्या धंद्यालाच घरघर लागली होती. नव्या पोरांना लग्नात डीजे लागतो, नाशिकहून गाऊन घातलेली अँकर लागते. ती सगळ्यांना ‘हॅलो गाइज’ म्हणते आणि कोणाचंच नाव घेत नाही, आणि गंमत म्हणजे त्या लग्नांत कोणी रुसतही नाही. नानांच्या वाट्याला उरले साखरपुडे आणि दशक्रियेच्या श्रद्धांजल्या. त्यात लॉनवरची धूळ, भटारखान्याचा धूर. डॉक्टरांनी बजावलेलं, उघड्यावरचं बोलणं कमी करा, नाहीतर आवाज जाईल. आवाज गेला तर नानांकडे दुसरं काय होतं? आणि नेमकं अशात जळगावहून बोलावणं आलं.

शहराबाहेर, महामार्गाला लागून, गाण्याच्या मैफिलींसाठी एक नवं सभागृह उभं राहिलं होतं. थंड हवा, मऊ खुर्च्या, कुजबुजलेलं शेवटच्या रांगेत ऐकू जाईल अशा भिंती. त्याच्या भागीदारांपैकी सगळ्यात वजनदार म्हणजे सावद्याचे एक केळीचे व्यापारी. सगळे त्यांना आबा म्हणतात. आबांनी नानांना एका लग्नात ऐकलं होतं. सभागृहात पहिला मोठा कौटुंबिक कार्यक्रम ठरला तो अवकाश महोत्सव, आणि आबांनी निरोप धाडला, एवढा कार्यक्रम नीट पार पाडा, मग वर्षभर इथला माईक तुमचाच. बंद दालन, धूळ नाही, धूर नाही. त्या संध्याकाळपासून नाना घरात खुणांनी बोलायला लागले. आवाज जपत होते.

अवकाश का, असं विचारू नका. चंद्रावर आपलं यान उतरल्यापासून आमच्याकडे अंतराळ ही गणपतीच्या आराशीतली वस्तू झाली आहे. पण आमच्या मंडळालाही तिथे एक कोपरा मिळाला, आणि मी तारखा बघताना मला एक घबाड सापडलं. पृथ्वीभोवती फिरणारं अंतराळ स्थानक, ज्यात खरीखुरी माणसं राहतात, ते त्याच संध्याकाळी, अंधार पडल्या पडल्या, जळगावच्या डोक्यावरून जाणार होतं. दुर्बीण नको, तिकीट नको. नुसती मान वर करायची. मी रात्रीत पत्रक लिहिलं: ‘डोक्यावरून माणसं जाणार आहेत, वर बघा!’ खाली वेळ, ठळक अक्षरांत. पहूरपासून भडगावपर्यंत शाळांमध्ये वाटलं. लोकांनी टेम्पो ठरवले. मी शब्द दिला होता की मी स्वतः इशारा करीन, तोवर आत खुर्चीवर बसून गाणी ऐका.

महोत्सवाच्या सकाळी धुळ्याहून एसटीने निघालो तेव्हा मी नानांना पुन्हा एकदा वेळ सांगितली.

“भाऊ येतीन, दिवा लागी, सत्कार व्हतीन,” नाना म्हणाले. भाऊ म्हणजे आमच्या भागातले पुढारी, त्या दिवसाचे प्रमुख पाहुणे. “मंग जाऊत ना भायेर.”

“नाना, ते थांबणार नाही. चार-सहा मिनिटं दिसतं आणि जातं.”

“मांगेपुढे व्हई ना थोडंसं.”

“होत नाही.”

“कोन चालाडस ते?”

“कोणी चालवत नाही. ते फिरतंय.”

“त्यामा मानसं शेतस ना? मंग त्यास्ले सांग, जरासं थांबा, भाऊ रस्तामा शेतस.”

समोरच्या सीटवरचा माणूस हसला. नानांचा चेहरा मात्र गंभीर. थट्टा करत होते का खरंच सांगत होते, मला कळेना. मग पारोळ्याच्या पुढे कधीतरी माझ्या डोक्यात उजेड पडला. या माणसाने आयुष्यभर मुहूर्त पाहिले होते, पण न थांबणारा मुहूर्त एकही पाहिला नव्हता. गोरज मुहूर्त दिवेलागण उलटून गेल्यावर लागायचा. आधी छापलेली वेळ म्हणजे त्यांच्या लेखी आमंत्रण होतं, वेळ नव्हे. त्यात त्यांचा काय दोष? सगळा जिल्हाच तसा आहे! पण त्या संध्याकाळी जिल्ह्याला विचारून काही होणार नव्हतं.

सभागृहाबाहेर जत्रा होती. थर्माकोलचं रॉकेट, त्याच्या पायाशी फोडलेला नारळ. वाढदिवसाच्या दुकानातून भाड्याने आणलेल्या अंतराळवीराच्या पोशाखात एक घामाघूम माणूस, त्याच्याबरोबर फोटो काढायला रांग. पोरांच्या गालांवर शनी रंगवणाऱ्या मुली. भरीत-पुरीचा स्टॉल, त्यावर पाटी: ‘अंतराळातही न मिळणारं भरीत.’ दाराच्या वर मोठा पडदा, त्यावर प्रायोजकांचे चेहरे आळीपाळीने, डोळे दिपवत. मी व्यवस्थापकाला गाठलं.

“सातच्या सुमारास हा पडदा बंद करावा लागेल. आकाश दिसणार नाही.”

“मॅडम, आकाश रोजच असतं. प्रायोजक रोज नसतात.”

याच्यावर काय बोलायचं? मी बोलले, बरंच बोलले, तो ऐकता ऐकता दुसऱ्याच्या फोनवर गेला.

भाऊ आले ते सूर्य मावळून गेल्यावर. दीपप्रज्वलन झालं. प्रास्ताविक झालं. मग नानांनी खिशातला रुमाल दुमडून पुन्हा खिशात ठेवला. ही त्यांची खूण, आता सत्कार सुरू. मंचावर दोन रांगांत पाहुणे. तबकात शाली, नारळ. रिवाजाप्रमाणे पहिला सत्कार भाऊंचा आणि अगदी शेवटचा यजमानांचा, म्हणजे आबांचा. आबा मागच्या रांगेत टोकाच्या खुर्चीवर गुलाबी फेटा बांधून बसलेले. सावद्याहून त्यांचं सगळं घर आलं होतं, सुना, नातवंडं, खाली तिसऱ्या रांगेत फोन सरसावून. आबांच्या सत्काराचा फोटो काढायचा होता त्यांना.

नानांचा आवाज त्या दालनात असा काही लागला होता म्हणता! लॉनवर तो नेहमी वाऱ्यात विरतो. इथे प्रत्येक शब्द भिंतीवरून परत येऊन माणसाच्या खांद्यावर हात ठेवत होता. मी दारात उभी, एक पाय आत, एक बाहेर. त्या क्षणी मलाही वाटलं, हे काम यांना मिळालंच पाहिजे. आणि लगेच वाटलं, अरे, आवरा!

भाऊ बोलायला उठले. लहानपणी आपण गच्चीवर झोपून चंद्र बघायचो, इथून त्यांनी सुरुवात केली आणि चंद्रावर पाणी आहे म्हणता म्हणता ते गिरणा नदीच्या कालव्याला पाणी कधी सुटणार, त्या आवर्तनावर आले. तिथून ते हलेनात. मी घड्याळ बघत होते, दाराबाहेर जात होते, वायव्येचं आकाश बघून परत आत येत होते. मागच्या रांगांमधले पहूरचे लोक माझ्याकडे माना वळवून बघायचे. मी हाताने ‘थांबा’ म्हणायचे. त्यातल्या काहींनी लेकरं आधीच खांद्यावर घेऊन ठेवली होती. सभागृहाच्या आत, छताखाली, खांद्यावर लेकरं घेऊन ती माणसं सिंचनावरचं भाषण ऐकत होती. संताप येणार नाही तर काय होईल?

भाषण संपलं. उरलेले सत्कार सुरू झाले. केळी संघाचे, रोटरीवाल्यांचे, आर्केस्ट्रावाल्यांचे. नाना एकाचीही पदवी खाली पडू देत नव्हते. मीच इशारा करून मागच्या रांगा उठवल्या असत्या तर नानांचा कार्यक्रम मोडला असता, म्हणून मी विंगेत धावले.

“नाना, आलं ते. निघायला हवं.”

त्यांनी माईकवर तळवा ठेवला. “फक्त आबा ऱ्हायनात. दोन मिन्ट.”

“दोन मिनिटं नाहीत!”

“यजमानना सत्कार शे, पोरी.”

“मग करा सत्कार. त्या लोकांना मी काय सांगू? भाऊंच्या नदीमुळे राहिलं?”

नानांनी आबांकडे बघितलं. आबा फेट्याचा शेमला नीट करत होते, आता आपलं नाव, म्हणून जरा पुढे सरकून बसलेले. मग नानांनी मागच्या रांगांकडे बघितलं, त्या खांद्यावरच्या लेकरांकडे. तबकात एक शाल उरली होती. ते विसरले, असं नंतर बरेच जण म्हणाले. ते खोटं आहे. मी हातभर अंतरावर उभी होते. नानांना सगळं दिसत होतं.

त्यांनी तळवा उचलला.

“मंडळी! वरात पारावर आली आहे!”

ज्यांनी आमच्याकडची लग्नं पाहिली नाहीत त्यांना या वाक्याची ताकद कळायची नाही. नवरदेव मारुतीच्या पाराशी आला, असं माईकवरून कानावर पडलं की मांडवातलं माणूस जेवत असेल तर घास ठेवतं. सबंध सभागृह ताडकन सावरून बसलं.

“लांबचे पाहुणे आहेत. सगळ्या पृथ्वीला प्रदक्षिणा घालत निघाले आहेत आणि या घटकेला आपल्या शिवेवर पोचले आहेत. पाहुणे चहा घेणार नाहीत, बसणार नाहीत, टोपी-टॉवेलही घेणार नाहीत. नुसते वरून जातील. अशा पाहुण्यांना सामोरं जायचं ते यजमानांनी उठून! आदरणीय भाऊ, आपण पुढे व्हा, आम्ही मागे येतो. चला मंडळी, स्वागताला!”

भाऊ उठले. आपण पुढे व्हायचं म्हटल्यावर भाऊ उठणारच! त्यांच्यामागे मंच उठला, मंचामागे रांगा. बायकांचे हात सवयीने तांदूळ शोधत होते. दारात एवढी रेटारेटी झाली की माझी चप्पल निघाली, ती तशीच सोडून मी धावले. नाना बिनतारी माईक घेऊन पायऱ्यांवर आले आणि तिथूनच म्हणाले, “वीजवाल्यांना नम्र विनंती, पाहुण्यांच्या डोळ्यांवर उजेड येतो आहे, दिवे मालवावेत.” व्यवस्थापकाने माझ्यासाठी जे केलं नव्हतं ते पाहुण्यांसाठी केलं. पडदा काळा झाला.

आणि वायव्येला, कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या पत्र्यांच्या वर, तो ठिपका चढत होता.

“इमान शे,” कोणीतरी विमान समजून म्हणालं.

“इमानले लाल दिवा ऱ्हास. याले कोठे शे?”

नव्हता. लुकलुकणं नाही, आवाज नाही. एकसारखा पांढरा उजेड, घाई नसल्यासारखा आणि तरी भराभर पुढे येणारा. माझ्या शेजारी पहूरची एक बाई कडेवर पोर घेऊन उभी होती.

“त्यात बाया बी हायेत का वं?” तिने विचारलं.

“असतात. कधी कधी.”

“मंग सैपाक कोन करते?”

“कोणीच नाही. पाकीट फोडायचं आणि खायचं.”

“मंग तिले म्हना, बाई, खाली येऊच नको.”

आजूबाजूच्या बायका खळखळून हसल्या. पुढे भाऊंनी हात उंचावला, सभेत गर्दीला दाखवतात तसा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहींनी हात जोडले. आमच्या मंडळातला एक जण माझ्या कानाशी येऊन फणफणला, “हे विज्ञान आहे की वरात? तुझ्या वडिलांनी यंत्राचा नवरदेव करून टाकला!” मी त्याला म्हटलं, वर बघ. तो म्हणत होता ते चूक नव्हतं, आणि मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली होती.

डोक्यावरून थोडं पुढे गेल्यावर तो ठिपका लालसर होत होत विझला. मी ओरडून सांगितलं की तो पृथ्वीच्या सावलीत शिरला, म्हणून दिसेनासा झाला, तो अजून तिथेच आहे. कोणी ऐकलं नाही. सगळे अजून वरच बघत होते, जणू कोणीतरी वळून हात करील.

मी पायऱ्यांकडे गेले. “नाना, पाहिलंत?”

“नही ना. भाऊना मांगे कोन कोन उभं ऱ्हायनं, ते देखी ऱ्हायनतू.” आणि मग एकदम, “चाल. आबा.”

आत मंचावर आर्केस्ट्रावाले तबला ठोकत होते. टोकाच्या खुर्चीवर गुलाबी फेटा नीट ठेवलेला. आबा मागच्या दाराने गाडीत बसून निघून गेले होते. सगळं सभागृह बाहेर पळालं तेव्हा ते एकटे खुर्चीत बसून राहिले होते, असं तबलेवाल्याने सांगितलं. नानांनी तबकातली शाल उचलली, पुन्हा ठेवली. पुढचा सगळा कार्यक्रम त्यांनी केला, एक शब्द चुकला नाही, आणि एकदाही त्यांनी त्या खुर्चीकडे बघितलं नाही.

त्या रात्री आम्ही जळगावातच मावशीकडे राहिलो. सकाळी व्यवस्थापकाचा फोन. पुढच्या कार्यक्रमांचं सध्या थांबवलंय, दुसऱ्या एकाशी बोलणं चालू आहे. कारण विचारलं तर म्हणाला, “तुम्हाला माहीत आहे.” मी म्हटलं, एका शालीसाठी माणसाचं काम काढून घेणार? कुठल्या काळात राहतात हे लोक? नाना म्हणाले, सावद्याला जायचं. वाटेत त्यांनी नवी शाल घेतली, नारळ घेतला, नारळ हलवून पाणी ऐकलं. मी म्हटलं, ही लाचारी आहे. त्यांनी मला नारळ धरायला दिला.

आबांची वखार म्हणजे मोठा पत्र्याचा मांडव. हिरव्या घडांचे डोंगर, ट्रकमध्ये पानांचा थर देऊन घड रचणारे हमाल, चिकाचा तुरट वास. आबा लोखंडी खुर्चीवर बसले होते. फेटा नाही, डोक्याला रुमाल. आम्हाला बघून त्यांनी बसा म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही.

नाना त्यांच्यासमोर उभे राहिले. घसा साफ केला. आणि माईक नाही, मंच नाही, त्या वखारीत त्यांनी पूर्ण सत्कार पुकारला. आबांचं नाव, वडिलांचं नाव, गाव, व्यवसाय, सभागृहासाठी केलेली धडपड, शाळेला दिलेली जागा, काहीही न गाळता. हमालांनी घड खाली ठेवले आणि ऐकत उभे राहिले. एकाने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. नानांनी शाल घातली, नारळ हातात दिला.

आबांनी नारळ मांडीवर ठेवला. त्याच्या शेंडीशी चाळा करू लागले.

“आता काहाले आनला नारय?” ते म्हणाले. “मी तठी बसेल होतो. आखं लोक बाहीर. मले वाटे, कोनी तरी बलावाले येईन. कोनी आलं नही. नात घरी येऊन सांगे, आजोबा, केवढं चमके ते! तुम्ही पाह्यलं ना? मी म्हनलं, हो, पाह्यलं.”

मी वाटेत पाठ करून ठेवलेली सगळी वाक्यं तिथल्या तिथे निरुपयोगी झाली. शालीचा विषयच नव्हता. शाल तर भाऊंच्याही अंगावर होती. या माणसाने घरादाराला आणलं होतं, घरादाराने पाहिलं, आणि तो नाव पुकारलं जाण्याची वाट बघत आत राहिला. उठून बाहेर यायला कोणी अडवलं होतं? कोणी नाही. पण सत्कार न होता यजमान उठला, असं झालं असतं ना!

आबा नानांकडे बघत म्हणाले, “तुम्ही मानूस चांगले हाये. भाऊ बी इचारत होते, सत्कार अर्धा कसा काय राह्यला. असं करा. सभागृहाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एवढंच बोला, का पोरीनं घाई केली, तिनं गोंधय घातला. पोरगी लहान हाये, तिले कोन काय म्हनीन? इषय मिटला. माईक तुमचा.”

माझ्यासमोरच म्हणाले. त्यात कपट नव्हतं, उलट सोडवणूक करत होते. आणि मला ते मान्य होतं! माझं काय जात होतं? माझ्यावर याहून वाईट बोललं गेलंय, भिंतीवर लिहिलं गेलंय. मी म्हटलं, “बोला नाना. खरंच मी घाई केली.”

नाना माझ्याकडे वळलेच नाहीत.

“आबा,” ते म्हणाले, माईकवरच्या भाषेत नाही, अहिराणीतही नाही, साध्या, सपाट आवाजात. “तुमचा सत्कार राहिला, तुम्हाला बोलवायला मी आलो नाही, ही चूक माझी. तिच्यासाठी आलो. लोकांना बाहेर काढलं ती चूक नाही. ते मी काढले. माईक माझ्या हातात होता.”

“एक ओय, एक वाक्य तर बोलाचं हाये.”

“नाही बोलणार.”

ट्रकवरचा एक हमाल तसाच घड धरून उभा होता. आबांनी त्याला हाताने खूण केली, चालू दे.

“मंग दुसरा मानूस पाहा लागीन,” आबा म्हणाले.

“पाहा.”

“चहा घ्या.”

चहा आला. आम्ही घेतला. दोघांनी केळीच्या भावाबद्दल, रेल्वेच्या डब्यांबद्दल बोलणं केलं, जसं काही झालंच नव्हतं, आणि निघताना आबा शाल अंगावर तशीच ठेवून वखारीच्या दारापर्यंत आले. हे मला आजही कळत नाही. कामावरून काढायचं आणि दारापर्यंत सोडायला यायचं. माझ्या पत्रकांत अशा माणसाला जागाच नाही. तिथे माणूस एक तर शोषक असतो नाहीतर शोषित. आबांना कुठे बसवू?

भुसावळच्या एसटीत मी तोंड उघडलं ते बंदच होईना. मानपान, फेटे, पुढारी, सत्कारांवर वाया जाणाऱ्या संध्याकाळी, सगळं आलं. कंडक्टरने तिकीट देता देता ऐकलं, मागच्या सीटवरच्या दोन बाया पुढे वाकल्या.

“हळू,” नाना म्हणाले. “बठ्ठी बस ऐकी ऱ्हायनी.”

“ऐकू द्या! ऐकायलाच हवं!” आणि मी पहिल्यापासून सुरू केलं, बसला उद्देशून. स्थानक, नदी, एक उरलेली शाल. वरातीच्या वाक्याला बस हसली. वखारीशी आले तेव्हा कंडक्टरने तिकिटं द्यायची थांबवली. नाना खिडकीबाहेर बघत होते, मध्येच माझं एखादं चुकलेलं सुधारत होते, फेटा गुलाबी, केशरी नव्हे.

“मंग काम गेलं का हो, दादा?” मागची बाई मला नाही, नानांना विचारत होती.

नाना वळले. बसच्या मागच्या बाकापर्यंत नजर टाकली, आज कोण कोण आलंय हे पाहावं तशी. घसा साफ केला.

“गेलं,” ते म्हणाले, शेवटच्या सीटवरच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात. मग परत खिडकीकडे तोंड केलं, आणि त्यांचे कान लाल झालेले मला दिसले.